मोकळा वाटणारा श्वास

२०२१ च्या एप्रिल महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनच्या एका खाटेसाठी माणसं रात्रंदिवस वणवण फिरत होती. त्याच दिवसांत एक संदेश घराघरांतल्या फोनवर येऊन थडकत होता. कापराची वडी, चार लवंगा आणि चमचाभर ओवा सुती फडक्यात बांधा, त्यावर निलगिरीच्या तेलाचे थेंब टाका आणि ती पुरचुंडी दिवसभर हुंगत राहा. रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा त्यातला दावा होता. कितीतरी घरांत अशा पुरचुंड्या बांधल्या गेल्या. दवाखाने भरलेले आणि औषधं मिळेनाशी झालेली असताना घरातल्या डब्यांत जे होतं त्याचा आधार वाटणं स्वाभाविक होतं.

पुरचुंडी हुंगली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे खरंच आहे. ऑक्सिजन मात्र त्यानं वाढत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या मदतीनं रक्तातल्या हिमोग्लोबिननं किती ऑक्सिजन धरला आहे ते मोजतं. कोरोनाच्या न्यूमोनियात फुप्फुसांतले वायुकोश सुजतात, द्रवानं भरतात आणि श्वासातला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचत नाही. ती सूज कापराच्या वासानं उतरत नाही. शिवाय या आजाराची एक जीवघेणी खोड होती. ऑक्सिजन ८५ पर्यंत घसरला तरी काही रुग्णांना धाप लागल्याचं जाणवतच नव्हतं. अशा रुग्णाला ‘आता जरा बरं वाटतंय’ असं वाटलं, की दवाखान्यात जायचे मोलाचे तास हातून निसटत.

बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुगंधी तेलं, म्हणजे बाजारात ज्यांना इसेन्शियल ऑइल म्हणतात ती, पहिली गोष्ट चांगली करतात. दुसरी त्यांच्याकडून होते याचा भक्कम पुरावा नाही. पावसाळ्यात आणि थंडीत घरोघरी फिरणाऱ्या सर्दी-तापाच्या साथींत या तेलांचा उपयोग करायचा, तर हा फरक आधी नीट समजून घ्यायला हवा.

पाल्यापासून थेंबापर्यंत

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात मे-जूनमध्ये शेतांच्या कडेला लोखंडी टाक्या तापत असतात. मेंथा नावाचा पुदिना कापून, थोडा सुकवून या टाक्यांमध्ये दाबून भरतात. तळाशी पाणी आणि खाली जाळ. वाफ पाल्यातून वर चढते आणि पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमधलं तेल सोबत घेऊन निघते. झाकणाला जोडलेली नळी गार पाण्याच्या हौदातून जाते, तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं. शेवटच्या भांड्यात पाणी खाली राहतं आणि तेलाचा पिवळसर थर वर तरंगतो. शंभर किलो ओल्या पाल्यातून किलोभरही तेल हाती येत नाही. त्या तेलाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग मेंथॉल असतो. जगाला लागणाऱ्या नैसर्गिक मेंथॉलचा सर्वांत मोठा पुरवठा भारतातूनच होतो.

निलगिरीचं तेलही असंच ऊर्ध्वपातनानं निघतं. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. मेलबर्नजवळ जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्यानं १८५० च्या दशकात त्याच्या पानांपासून तेल काढण्याचा व्यवसाय उभा केला. दक्षिणेतल्या निलगिरीच्या डोंगरांत ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात ही झाडं लावली आणि पुढे उटीच्या सहलीहून येणारा प्रत्येक जण त्या तेलाची बाटली घेऊन येऊ लागला. औषधी दर्जाच्या निलगिरी तेलात सत्तर टक्क्यांहून जास्त सिनिओल असतं. ओव्याच्या तेलात थायमॉल मुख्य, लवंगेच्या तेलात युजेनॉल. पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीतले कारखाने जंतुनाशक म्हणून वापरलं जाणारं थायमॉल बनवण्यासाठी भारतातून ओवा मागवत असत.

या प्रक्रियेतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऊर्ध्वपातन म्हणजे वनस्पतीतला एक छोटा भाग वेगळा काढून त्याची तीव्रता कैक पटींनी वाढवणं. ओव्यात साधारण दोन ते चार टक्के तेल असतं. चहाचा चमचाभर ओवा दोन ग्रॅम धरला, तर त्यात तेल भरतं ग्रॅमच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्याएवढं. तोच चमचा ओव्याच्या तेलानं भरला, तर त्यात सत्तर-ऐंशी चमचे ओव्याचा ऐवज येतो. पोट दुखत असताना आजी चिमूटभर ओवा चावायला देते, म्हणून ओव्याचं तेल चमच्यानं घेतलेलं चालेल, असं होत नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय व्हायचा?’ हा प्रश्न विचारताना पदार्थाचं नाव तेच असलं तरी मात्रा बदललेली असते.

थंडावा कुठून येतो?

मेंथॉल, ओव्याचं फूल (म्हणजे थायमॉल) आणि कापूर हे तिन्ही घन पदार्थ सारख्या प्रमाणात एका बाटलीत घालून हलवले, की थोड्या वेळात त्यांचा पाण्यासारखा द्रव होतो. बाहेरून एक थेंबही पाणी घालावं लागत नाही. तीन पदार्थ एकत्र आले की त्यांचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, हे त्याचं कारण. ‘अमृतधारा’ या नावानं हे मिश्रण पिढ्यान् पिढ्या घराघरांत राहिलं आहे. बाटलीचं बूच उघडताच नाकात जी थंड सणक जाते, तिनं सर्दी झालेल्या माणसाला एकदम हायसं वाटतं.

हा थंडावा तापमानाचा नसतो. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं टीआरपीएम-८ हे प्रथिन गार हवा लागली की जागं होतं, आणि मेंथॉलचा रेणू त्याला चिकटला तरी जागं होतं. मेंदूकडे निरोप तोच जातो: गार हवा आत येते आहे. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांनी स्वतंत्रपणे हे प्रथिन शोधलं. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या वर्षी आपल्याकडे पुरचुंड्या बांधल्या जात होत्या, त्याच वर्षी त्या का बऱ्या वाटतात याच्या शोधाचा असा गौरव झाला.

त्याआधीच, १९८० च्या दशकात, वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात रॉन एकल्स यांनी या अनुभवाची मोजमापं घेतली होती. त्यांनी लोकांना मेंथॉल हुंगायला दिलं आणि नाकातून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा यंत्रानं मोजला. नाक मोकळं झाल्याचं लोक सांगत होते. यंत्रावरचा आकडा मात्र जवळपास तिथेच होता. सर्दीत नाक चोंदतं ते मुख्यतः आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. मेंथॉल त्या रक्तवाहिन्या आकसवत नाही. हवा आत येते आहे ही जाणीव तेवढी वाढवतं.

या जाणिवेला मी कमी लेखत नाही. रात्री दोन वाजता नाक चोंदून उठून बसलेल्या माणसाला झोप लागली, तर तो मोठाच दिलासा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांवर केलेली एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. काही मुलांच्या छातीला कापूर, मेंथॉल आणि निलगिरी असलेलं मलम चोळलं, काहींना साधी पेट्रोलियम जेली, काहींना काहीच नाही. कुणाला काय लावलं ते वासावरून कळू नये म्हणून पालकांच्या नाकाखालीही आधीच मलम लावलं होतं. मलम लावलेली मुलं त्या रात्री अधिक शांत झोपली, त्यांचे आईबापही झोपले. वाहतं नाक मात्र थांबलं नाही, आणि बऱ्याच मुलांच्या त्वचेची, डोळ्यांची किंवा नाकाची चुरचुर झाली. या तेलांचं खरं माप या एका चाचणीत सापडतं: रात्र सुसह्य होते, आजार आपल्या गतीनं जातो.

बाटलीला मिळालेलं श्रेय

काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं. त्याच दशकात अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावी लन्सफर्ड रिचर्डसन हे औषधविक्रेते पुढे व्हिक्स व्हेपोरब म्हणून प्रसिद्ध झालेल्या मलमावर काम करत होते. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची जागतिक साथ आली. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि वर्षभरात तिनं भारतात एक कोटीहून अधिक माणसं नेली. अमेरिकेत त्या काळात व्हिक्सची वार्षिक विक्री ९ लाख डॉलरवरून २९ लाख डॉलरवर गेली. त्या साथीत मृत्यू झाले ते मुख्यतः न्यूमोनियानं, आणि छातीला चोळलेल्या मलमाचा न्यूमोनियावर काही इलाज नव्हता. लोकांची गरज खरी होती. डॉक्टरांच्या हातातही तेव्हा प्रतिजैविकं नव्हती.

विश्वास टिकून राहिला, त्याचं आणखी एक कारण आहे. साधी सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. त्रास सर्वाधिक असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नेमक्या त्याच दिवशी आपण बाटली उघडतो. चौथ्या दिवशी उतार पडायचाच असतो, तो पडतो आणि श्रेय बाटलीला जातं. एखादा उपाय खरंच लागू पडतो का हे ठरवायला, तोच आजार झालेल्या आणि तो उपाय न केलेल्या माणसांशी तुलना करावी लागते. घरच्या अनुभवात ही तुलना कधीच होत नाही.

काचेच्या बशीतला विषाणू

‘निलगिरीचं तेल विषाणू मारतं हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय,’ असं नेहमी ऐकायला मिळतं. त्यात तथ्याचा अंश आहे. इन्फ्लुएंझा आणि कोरोना या विषाणूंवर मेदाचं पातळ आवरण असतं. काचेच्या बशीत विषाणूवर काही सुगंधी तेलं थेट घातली, तर ते आवरण विस्कटू शकतं. साबण आणि अल्कोहोलचं सॅनिटायझरही हेच करतात, आणि म्हणूनच आपण त्यांनी हात धुतो. ते कुणी पीत नाही. शरीरात विषाणू पेशींच्या आत शिरून वाढतो. तिथपर्यंत बशीतल्याइतकं तेल पोचवायचं ठरवलं, तर आधी आपल्या पेशींना इजा होईल. शिवाय सर्दीचा सर्वांत मोठा कारक जो ऱ्हायनोव्हायरस, त्याला मेदाचं आवरणच नाही.

चक्रीफुलाची कहाणी यासाठी उद्बोधक आहे. गोड्या मसाल्यातलं हे आठ पाकळ्यांचं फळ इन्फ्लुएंझावरच्या ओसेल्टामिविर या औषधाचा कच्चा माल ठरलं. चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं, त्यावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून हे औषध तयार करता येतं. टॅमीफ्लू या नावानं ते १९९९ मध्ये बाजारात आलं. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ते पुण्यातल्या घराघरांत माहीत झालं. पण शिकिमिक आम्ल स्वतः विषाणूला रोखत नाही, आणि ते वाफेबरोबर उडतही नाही. चक्रीफुलाच्या सुगंधी तेलात असतं ते मुख्यतः बडीशेपेच्या वासाचं अ‍ॅनेथॉल. म्हणजे वनस्पतीतून औषध मिळालं हे खरं, पण ते तिच्या वासातून मिळालं नाही, आणि रसायनशास्त्रज्ञांच्या हातांखालून गेल्यावरच मिळालं.

सुगंधी तेलांतल्या घटकांवर गंभीर संशोधन झालेलं आहे आणि ते व्हायलाच हवं. जर्मनीत २००४ मध्ये सायनसची तीव्र सूज आलेल्या १५२ रुग्णांवर सिनिओलच्या कॅप्सूलची चाचणी झाली. सात दिवसांत कॅप्सूल घेणाऱ्यांची डोकेदुखी आणि नाक चोंदणं दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झालं. ही शुद्ध केलेल्या सिनिओलची मोजून भरलेली कॅप्सूल होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली. बाटलीतलं तेल साखरेवर टाकून घेणं हा त्याचा पर्याय नव्हे. दावे मात्र पुराव्याच्या फार पुढे धावतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१४ मध्ये सुगंधी तेलं विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवावी लागली. त्यांचे विक्रेते ही तेलं थेट इबोलावर गुणकारी असल्याचं सांगत होते.

वाफारा

ओट्यावर पातेल्यात पाणी उकळतं. त्यात ओवा, तुळशीची पानं, गवती चहाची पात किंवा निलगिरीचे दोन थेंब पडतात. मग पातेलं खाली घेऊन, डोक्यावरून टॉवेल पांघरून वाफ घ्यायची. मराठी घरात सर्दीवरचा हा पहिला उपाय. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी गरम, दमट हवेबद्दलच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेसाठी घेतला. कुठे थोडा आराम दिसला, कुठे काहीच नाही. सर्दीवर वाफेचा ठाम फायदा सिद्ध झाला नाही. वाफेनं नाकातले विषाणू मरतात हेही दिसलं नाही.

मोठ्या माणसाला वाफेनं बरं वाटत असेल, तर त्यानं जरूर घ्यावी. पण वाफाऱ्यात खरा धोका आहे तो उकळत्या पाण्याचा. मांडीवरचं किंवा जमिनीवरचं पातेलं कलंडतं आणि पोट, मांड्या, पाय भाजतात. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीनं वाफ घेण्याचं प्रमाण वाढलं, तेव्हा बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा भाजलेल्या मुलांची संख्या एकाएकी वाढल्याचं कळवलं होतं. लहान मुलाला टॉवेलखाली उकळत्या पाण्यावर वाकवू नये. आंघोळीनंतर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची प्रथाही थांबायला हवी. धुरीत औषधापेक्षा धूर जास्त असतो आणि तो कोवळ्या फुप्फुसांत जातो.

लहान मुलं आणि उघडी बाटली

या प्रकरणातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. निलगिरीचं चमचाभर तेल पोटात गेलं, तर लहान मूल काही मिनिटांत गुंगीत जाऊ शकतं, बेशुद्ध होऊ शकतं, त्याला झटके येऊ शकतात. कापूर त्याहून घातक. ग्रॅमभर कापरानंही लहान मुलाचा जीव धोक्यात येतो. देवघरातल्या डबीतली वडी रंगानं आणि आकारानं खडीसाखरेसारखी दिसते, आणि रांगतं मूल दिसेल ते तोंडात घालतं.

असं घडलं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये. उलटीबरोबर तेल श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसं सुजतात. मीठ-पाणी किंवा तूप पाजण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा सरळ रुग्णालय गाठावं, आणि बाटली किंवा डबी सोबत न्यावी, म्हणजे काय आणि किती गेलं ते डॉक्टरांना कळेल.

नुसत्या वासाचाही विचार करायला हवा. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर किंवा मेंथॉलचं मलम लावू नये. त्याच्या नाकाखाली तर नाहीच. त्या तीव्र वासानं तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो. दम्याच्या रुग्णाला उग्र वासानं दम्याचा झटका येऊ शकतो. अपस्मार असलेल्यांनी कापूर आणि निलगिरीपासून लांब राहावं. बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दक्षिण भारतातल्या रुग्णालयांमध्ये झटके येऊन आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांची चौकशी केली. त्यांपैकी ५५ जणांच्या झटक्यांचा संबंध निलगिरी किंवा कापूर असलेल्या पदार्थांशी जोडता आला. झटक्याच्या रुग्णाला ‘बाम लावता का, कापूर हुंगता का’ हे विचारायला हवं, असं त्यातून निघतं.

जिथे तेल खरंच विषाणू अडवतं

एका साथीत मात्र वनस्पतीच्या तेलातून आलेला पदार्थ आजार टाळायला उपयोगी पडतो. ती साथ डेंग्यूची. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून पीएमडी नावाचा डास दूर ठेवणारा घटक मिळतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २००५ पासून डासप्रतिबंधकांच्या शिफारशीत त्याचा समावेश केला आहे. डेंग्यूच्या विषाणूला तो काहीच करत नाही. एडिस डास अंगावर बसू देत नाही, म्हणून विषाणू अंगात शिरत नाही. पण हे काम शुद्ध करून ठरावीक प्रमाणात बनवलेल्या पीएमडीचं आहे, साध्या निलगिरी तेलाचं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना तेही लावत नाहीत. एडिस दिवसा चावतो, त्यामुळे असं मलम शाळेला किंवा कामाला निघताना लावायला हवं.

पावसाळ्यात ताप आला की ‘व्हायरल असेल’ म्हणून घरीच बाम चोळत बसण्यातला धोकाही इथेच आहे. तो ताप डेंग्यूचा असू शकतो, आणि डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत जपायचे असतात.

घरात काय करावं?

सर्दीचा पहिला दिवस उजाडला की विश्रांती, भरपूर पाणी, गरम सूप किंवा पेज, नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि तापाला वय-वजनानुसार पॅरासिटामॉल, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध देता येतो. मोठ्या माणसानं रुमालावर निलगिरीचा एखादा थेंब घ्यावा, छातीला बाम चोळावा, बरं वाटू द्यावं. तेल पोटात घेऊ नये, न मिसळता त्वचेवर लावू नये, नाकात सोडू नये. बाटली घट्ट बुचाची असावी आणि औषधांबरोबर कुलपात असावी.

वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी ठरतं, त्यामुळे या माणसांनी घरगुती उपायांत दोन दिवस घालवणं परवडणारं नाही. आणि श्वास जलद होऊ लागला, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, माणूस गुंगीत जाऊ लागला, मूल पाणी पीत नाही, लघवी कमी झाली, ताप तीन दिवसांनंतरही राहिला किंवा जाऊन पुन्हा आला, यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी डॉक्टरकडे जावं. त्या घटकेला रुग्णाला किती बरं वाटतंय यावरून निर्णय घेऊ नये. आकडा आणि लक्षणं यांच्यावरूनच घ्यावा.